सिमेंटच्या गोणीचा मालक कोण? होल्सिम भारतात आली, गेली आणि राळेगणसिद्धीने काय शिकवलं

राळेगणसिद्धीच्या पाण्याची गोष्ट सांगताना काही आकडे हमखास येतात. ४८ नालाबांध, १६ गॅबियन बंधारे आणि ५ सिमेंट बंधारे. पारनेर तालुक्यातल्या या दुष्काळी गावाने ओढ्यानाल्यांचं पाणी कसं अडवलं, ते या आकड्यांतून कळतं.

पण याच यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नालाबांधाची माती गावची. गॅबियन म्हणजे लोखंडी जाळीत दगड भरून केलेला बंधारा, त्यातले दगडही शिवारातले. श्रमदान गावकऱ्यांचं. सिमेंट मात्र बाहेरून आणावं लागतं. त्याचा भाव गाव ठरवत नाही, तालुका ठरवत नाही आणि आता तर सरकारही ठरवत नाही.

मग ठरवतं कोण? हे समजून घ्यायचं तर एका स्विस कंपनीची गोष्ट माहीत असायला हवी. तिचं नाव होल्सिम. २००५ ते २०२२ या काळात 'एसीसी' किंवा 'अंबुजा' छापलेली गोणी तुम्ही विकत घेतली असेल, तर तुम्ही या कंपनीचे ग्राहक होतात. गोणीवर ते नाव मोठ्या अक्षरात कधी नव्हतं, इतकंच.

आधी मुळात सिमेंट बनतं कसं?

सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडीचा दगड. तो खाणीतून काढतात, दळतात, त्यात माती किंवा तत्सम घटक मिसळतात आणि प्रचंड मोठ्या फिरत्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजतात. भट्टीतून करड्या रंगाच्या गोळ्या बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. या क्लिंकरमध्ये थोडं जिप्सम घालून बारीक दळलं की सिमेंट तयार.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. १ टन क्लिंकरसाठी साधारण दीड टन चुनखडी लागते. भाजताना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि वजन घटतं. म्हणजे दगड लांब नेऊन भाजणं परवडत नाही. भट्टी दगडाजवळच उभी करावी लागते. नंतर क्लिंकर रेल्वेने दुसरीकडे नेऊन दळता येतं. अशा दळणाच्या कारखान्यांना ग्राइंडिंग युनिट म्हणतात.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के औष्णिक वीज केंद्राची राखही असते. त्यामुळे ग्राइंडिंग युनिट राखेच्या किंवा गिऱ्हाइकाच्या जवळ टाकणं फायद्याचं ठरतं. जळगाव आणि सोलापूरच्या परिसरात अशी युनिट दिसतात, त्याचं कारण हेच.

दगड तर पायाखालीच आहे, मग कारखाना का नाही?

राळेगणसिद्धीत दगडाला तोटा नाही. पण तो दगड आहे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. महाराष्ट्राचा बहुतांश भाग या बेसॉल्टने झाकलेला आहे. त्याची खडी होते, चिरे होतात, पण सिमेंट होत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या शेतात तर चुनखडी आहे. बरोबर आहे. पांढरे खडे असलेली चुनखडीयुक्त जमीन अहिल्यानगर, सोलापूर पट्ट्यात भरपूर आहे. पूर्वी असेच खडे भाजून, घाणीत चुना मळून वाडे आणि मंदिरं बांधली जात. तेव्हा बांधकामाचा चुना जवळपासच मिळायचा. पण सिमेंटच्या भट्टीला वर्षाला लाखो टन दगड लागतो आणि तो पुढची अनेक दशकं मिळत राहावा लागतो. शेतातले खडे त्याला पुरत नाहीत.

असे मोठे साठे महाराष्ट्रात बेसॉल्ट जिथे संपतो तिथे आहेत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला. म्हणूनच राज्यातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात एकवटले आहेत. घुग्घुसचा एसीसीचा चांदा कारखाना, उपरवाहीचा अंबुजाचा मराठा सिमेंट, आवारपूरचा आणि गडचांदूरचा कारखाना. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबन आहे. दुसरा जवळचा पट्टा कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथे वाडीला एसीसीचा मोठा कारखाना आहे, शिवाय मळखेड आणि सेडमही आहे.

राळेगणसिद्धीपासून चंद्रपूर पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. वाडी त्या मानाने जवळ, तरी तो प्रवास काही शे किलोमीटरचा आहेच. एका गोणीत ५० किलो माल. वजन जास्त, किलोमागे किंमत कमी, त्यामुळे वाहतुकीचा खर्च भावात ठळकपणे उतरतो.

यातून या धंद्याचा स्वभाव ठरतो. दगड ठरावीक ठिकाणीच मिळतो, खाणीचे पट्टे मर्यादित असतात, भट्टीला हजारो कोटी लागतात आणि माल फार लांब नेता येत नाही. म्हणजे कुठल्याही एका भागात विकणारे थोडेच असतात. गावातला डीलर कुठलीही गोणी देवो, ती मोजक्या चार-पाच घरांतूनच आलेली असते.

एकेकाळी भाव सरकार ठरवायचं

थोड्याच हातांत असलेल्या मालाचं काय करायचं, या प्रश्नाला आपण एकदा सरकारी उत्तर देऊन पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिमेंटवर नियंत्रण आलं आणि थोडेफार अपवाद वगळता ते अनेक दशकं टिकलं. भाव सरकारी, वाटप सरकारी. घर बांधायचं तर परमिटसाठी अर्ज करायचा आणि वाट पाहायची. आजी-आजोबांना विचारलंत तर सिमेंटच्या परमिटची एखादी आठवण नक्की निघेल.

अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले. यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून गावातल्या कामाला सुरुवात झाली आणि पुढे पाणलोटाची कामं उभी राहिली. तो काळ या कोट्याचाच होता.

कोटा म्हटला की तो वाटणारा आला आणि वाटणाऱ्याच्या दारात रांग आली. महाराष्ट्रात याचा शेवट एका मुख्यमंत्र्याच्या राजीनाम्यात झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी बातमी दिली की मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांच्याशी संबंधित 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' या ट्रस्टला देणग्या मिळत आहेत आणि त्यांचा संबंध बिल्डरांना दिलेल्या सिमेंटशी आहे. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. अंतुलेंनी राजीनामा दिला. त्यांच्यावरचा फौजदारी खटला पुढे कित्येक वर्षं वेगवेगळ्या न्यायालयांत लढला गेला.

योगायोग असा की त्याच वर्षी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, केंद्र सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. कारखान्याने काही हिस्सा सरकारी भावाने द्यायचा, बाकीचा बाजारभावाने विकायचा. मार्च १९८९ मध्ये उरलेलं नियंत्रणही गेलं. परमिट संपलं. आता भाव बाजार ठरवणार होता आणि तो बाजार मोठा होत होता. साहजिकच परदेशी कंपन्यांचं लक्ष इकडे वळलं.

होल्सिम आहे तरी कोण?

स्वित्झर्लंडच्या आरगाव प्रांतात होल्डरबँक नावाचं छोटं गाव आहे. १९१२ मध्ये तिथे सिमेंटची कंपनी सुरू झाली. गावाचंच नाव तिने घेतलं. पुढे देशोदेशी कारखाने विकत घेत ती वाढली आणि २००१ मध्ये 'होल्सिम' झाली. सिमेंट, खडी, तयार काँक्रीट असा तिचा जगभर पसारा.

नियंत्रण उठल्यानंतर भारतात नवा कारखाना उभारायचा तर खाणीचा पट्टा, जमीन, परवानग्या, भट्टी यात कित्येक वर्षं जातात. होल्सिमने दुसरा रस्ता धरला, तयार कंपन्या घेण्याचा. जानेवारी २००५ मध्ये तिने अंबुजासोबत भागीदारी जाहीर केली आणि त्या मार्गाने एसीसीत हिस्सा घेतला. वर्षभरात, जानेवारी २००६ मध्ये, अंबुजाच्या प्रवर्तकांकडूनही हिस्सा विकत घेतला.

एसीसी ही काही साधी कंपनी नव्हती. १९३६ मध्ये टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या गटांच्या १० सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ती मुंबईत जन्माला आली होती. घुग्घुस आणि वाडीचे कारखाने तिचेच. म्हणजे विदर्भातली खाण, कलबुर्गीतली भट्टी आणि आपल्या तालुक्यातला डीलर यांची साखळी आता एका स्विस मुख्यालयाला जोडली गेली. गोणीवरचं नाव मात्र जुनंच राहिलं. त्या नावावरचा विश्वास हीच तर विकत घेतलेली सर्वात मोलाची वस्तू होती.

२०१५ मध्ये होल्सिम आणि फ्रान्सची लाफार्ज या दोन अजस्र कंपन्यांचं विलीनीकरण झालं. लाफार्जही भारतात होतीच. दोघींचे कारखाने एकाच मालकाकडे गेले तर स्पर्धा मरेल, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने काही कारखाने विकण्याची अट घातली. २०१६ मध्ये लाफार्जचा भारतातला धंदा निरमा समूहाने घेतला.

बहुराष्ट्रीय कंपनीचा मालक किती दूर असू शकतो, त्याचं टोकाचं उदाहरणही याच घरातलं आहे. सीरियात युद्ध पेटलेलं असताना तिथला आपला कारखाना चालू ठेवण्यासाठी लाफार्जने आयसिससारख्या गटांना पैसे दिले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने अमेरिकेच्या न्यायालयात हा गुन्हा कबूल केला आणि सुमारे ७७.८ कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं. हे प्रकरण विलीनीकरणाच्या आधीचं आणि आपल्याला अंधारात ठेवलं गेलं, अशी होल्सिमची भूमिका होती. भारतातल्या कारखान्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण गोणी विकत घेणाऱ्याला मालकाच्या कारभाराची किती कल्पना असते, हे यावरून कळतं.

मग होल्सिमने भारत का सोडला?

१५ मे २०२२ ला बातमी आली की अंबुजा आणि एसीसीमधला होल्सिमचा सगळा हिस्सा अदाणी समूह घेतो आहे. छोट्या भागधारकांसाठीची खुली ऑफर धरून हा व्यवहार सुमारे साडेदहा अब्ज डॉलरचा होता. सप्टेंबरमध्ये तो पूर्ण झाला. वर्षाला सुमारे ६.५ कोटी टनांहून अधिक क्षमता एका झटक्यात एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

धंदा तोट्यात होता म्हणून विकला, असं नाही. खरं कारण भट्टीत आहे. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी ७ ते ८ टक्के सिमेंटमधून येतं. यातला मोठा भाग कोळशाचाही नाही. १ टन क्लिंकर करताना केवळ चुनखडी फुटल्यामुळे अर्ध्या टनाहून अधिक वायू बाहेर पडतो. वीज सौर केली, ट्रक बॅटरीवर आणले, तरी हा वायू निघणारच. युरोपात कार्बनला किंमत मोजावी लागते आणि गुंतवणूकदारही जाब विचारतात. होल्सिमने भारत आणि ब्राझीलचा सिमेंटचा धंदा विकला आणि छताच्या साहित्यासारख्या, कमी कार्बनच्या उत्पादनांकडे मोर्चा वळवला.

कंपनीच्या ताळेबंदातलं कार्बनचं ओझं त्यामुळे हलकं झालं. पण घुग्घुसची किंवा वाडीची भट्टी काही विझली नाही. ती तिथेच जळते आहे, तीच चुनखडी भाजते आहे. फक्त तो धूर आता दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो. मोठ्या कंपन्यांचे हवामानविषयक दावे वाचताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. उत्सर्जन कमी करणं वेगळं आणि उत्सर्जन करणारा कारखाना विकून टाकणं वेगळं.

मालक बदलल्याने तुमच्या-आमच्या खिशाला काय?

आज देशात सिमेंटमध्ये दोन गट सर्वात पुढे आहेत. पहिला आदित्य बिर्ला समूहाची अल्ट्राटेक, दुसरा अदाणी. दोघंही छोट्या कंपन्या गिळत निघाले आहेत. अल्ट्राटेकने केसोरामचा सिमेंट धंदा आणि इंडिया सिमेंट्स घेतली. सेडमचा कारखाना त्यातलाच. अदाणींनी सांघी, पेन्ना आणि जळगावात ग्राइंडिंग युनिट असलेली ओरिएंट सिमेंट घेतली. चंद्रपुरातले आवारपूर आणि गडचांदूर अल्ट्राटेककडे, घुग्घुस आणि उपरवाही अदाणींकडे. नकाशावर पाहिलं तर राळेगणसिद्धीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत याच दोन समूहांचं वजन आहे.

विकणारे थोडे असले की काय होऊ शकतं, याचा एक खटला आपल्याकडे आहे. बिल्डरांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६ हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्यांनी संगनमत करून पुरवठा आणि भाव आपल्या सोयीने ठेवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यात अल्ट्राटेक होती, तशाच होल्सिमच्या एसीसी आणि अंबुजाही होत्या. या दोघींचा दंड प्रत्येकी अकराशे कोटींच्या वर होता. कंपन्यांनी आरोप नाकारले. अपिलात आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

याची झळ कुणाला बसते? मोठा ठेकेदार थेट कंपनीशी घासाघीस करतो. गावात घरकुल बांधणारा डीलरकडून वीस-वीस गोण्या उचलतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी मूळ अनुदान २०१६ पासून १ लाख २० हजार रुपये आहे. समजा घराला शंभर गोण्या लागल्या आणि गोणीमागे ३० रुपये वाढले, तर ३ हजार रुपये घरच्यांच्या खिशातून जातात. अनुदान भावाबरोबर आपोआप वाढत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दिलासा नक्कीच मिळाला. पण करकपातीतला किती वाटा गिऱ्हाइकाच्या हातात राहतो, हे शेवटी स्पर्धेवरच ठरतं.

आता पुन्हा राळेगणसिद्धीच्या यादीकडे

४८, १६ आणि ५. ही यादी आता वेगळी दिसते. ज्या गोष्टी गावाच्या हातात होत्या, म्हणजे माती, दगड, झाडं आणि श्रम, त्यांचा वापर सर्वात जास्त. जी गोष्ट बाहेरून आणावी लागते, तिचा सर्वात कमी. सिमेंट आणि गॅबियनचे बंधारे आले तेही समतल चर, वृक्षलागवड आणि नालाबांध झाल्यानंतर. पाणलोटाच्या भाषेत याला 'माथा ते पायथा' म्हणतात. आधी डोंगरमाथ्यावर पाणी मुरवायचं, वाहत्या पाण्याचा जोर आणि त्यासोबतची माती वरच रोखायची आणि मग खाली ओढ्यावर बंधारा घालायचा.

यात नुसती काटकसर नाही. वरचं काम झालं नसेल तर पहिल्या काही पावसाळ्यांतच सिमेंटचा बंधारा गाळाने भरतो. त्यात घातलेली प्रत्येक गोणी मग गाळ अडवण्यापुरतीच उरते.

राज्याने हा धडा किती घेतला? 'जलयुक्त शिवार'मध्ये नाला खोलीकरण आणि सिमेंट बंधाऱ्यांवर मोठा भर राहिला. माथ्याची कामं मागे पडतात, अशी टीका पाणलोटाच्या जाणकारांनी तेव्हाच केली होती. २०२० मध्ये कॅगचा अहवाल आला. ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका त्यात होता. कॅगने तपासलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा अहमदनगरही होता.

सिमेंट वाईट, असा याचा अर्थ नाही. ओढ्याच्या मुख्य धारेवर, जिथे मातीचा बांध टिकत नाही, तिथे त्याला पर्याय नाही. पक्कं घर, शाळेची इमारत, पूल यांनाही ते लागणारच. प्रश्न इतकाच की ते कुठे लागतं आणि कुठे केवळ सवयीने किंवा ठेकेदाराच्या सोयीने वापरलं जातं.

त्यामुळे तुमच्या ग्रामपंचायतीत पाणलोटाचा आराखडा मांडला जाईल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. यात सिमेंटचे बंधारे किती आणि त्यांच्या वरच्या अंगाला समतल चर, दगडी बांध आणि झाडं किती? आणि घर बांधत असाल तर गोणी उतरवून घेताना तिच्यावर छापलेला सिमेंटचा प्रकार आणि उत्पादनाचा आठवडा वाचा. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये, असा नियम आहे. गोणीचा मालक कोण असावा, हे आपल्या हातात नाही. ती कुठे आणि किती वापरायची, हे अजून तरी आपल्याच हातात आहे.